मेड ऑफ बैल

सन एकोणीसशे त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात पुणतांब्याच्या मच्छिंद्र डोखे यांची मोट फाटली, आणि ही घटना सरकारला इंग्रजीत कळवणे त्यांना भाग पडले.

एरवी मोट फाटली की माणूस ती खांद्यावर टाकून बन्सीकडे जाई. बन्सी हा गावातला मोटा शिवणारा. तो मोट उलटीपालटी करून बघे, तेल वेळेवर पाजलं नाही म्हणून मालकाला चार शब्द सुनावी आणि नवी मोट घालून देई. पण आता जगात महायुद्ध चालू होते. युद्धात शिपाई चालतात, चालायला बूट लागतात आणि बुटांना चामडे लागते. सबब जिल्ह्यातले सगळे चामडे सरकारच्या नजरेखाली आले होते. परवान्याशिवाय मोट शिवणारा बन्सी आणि शिवून घेणारा मच्छिंद्र, दोघेही शत्रूचे हस्तक ठरले असते.

“सांधायजोगी ऱ्हायली न्हाई ही,” बन्सी म्हणाला. “नवीच घालावी लागल. परवाना आन, मंग सुई हातात धरतो.”

मच्छिंद्रचे रान गोदावरीपासून दूर, चढावर होते. तिथे नदीचा उपयोग फक्त लांबून बघण्यापुरता. होती ती विहीर, बैल जुंपून मोटेने उपसायची, आणि विहिरीच्या जिवावर उभी असलेली मोसंबीची बाग. बाग खरी त्याच्या बायकोची, छबूबाईची. रोपे तिने निवडली होती, खड्डे तिने भरून घेतले होते आणि यंदा झाडांनी पहिल्यांदाच फळ धरले होते. रोज सकाळी ती बागेत जाई, लिंबाएवढ्या हिरव्या फळांना हात न लावता नुसती बघे आणि परत येई.

“तुमी परवाना आना,” ती नवऱ्याला म्हणाली. “तवर मी घागरीनं पानी घालते.”

“घागरीनं कुठं बाग जगत आसती?”

“लगेच मरत बी न्हाई. तुमी निघा.”

मच्छिंद्र फाटकी मोट खांद्यावर टाकून तालुक्याच्या गावी गेला. तिथे युद्धापायी एक नवी कचेरी उघडली होती. तिचे इंग्रजी नाव पाटीवर मावत नसल्यामुळे लोक तिला ‘कंट्रोल’ म्हणत. कंट्रोलचे प्रमुख आप्पासाहेब निमोणकर. घाईने घेतलेला निर्णय चुकतो, यावर त्यांची श्रद्धा होती. आणि कुठलाही निर्णय घेतला की तो त्यांना घाईने घेतल्यासारखाच वाटे. त्यामुळे त्यांच्या हातून सहसा चूक होत नसे.

त्यांचे हेडक्लार्क मार्तंडराव खरवंडीकर पूर्वी इंग्रजी शाळेत मास्तर होते. व्याकरणाच्या अफाट मुलखातला एकच तालुका त्यांनी निवडला होता आणि तिथे त्यांचा अंमल निरंकुश होता: कुठली वस्तू कशाची बनलेली आहे, हे इंग्रजीत सांगणे. लाकडाचे ते वुडन, लोकरीचे ते वुलन, मातीचे ते अर्दन, रेशमाचे ते सिल्कन. पितळेच्या वस्तूला ‘ब्रेझन’ असा एक जुना, भारदस्त शब्द आहे, हा शोध त्यांना लागला त्याच सुमारास एक बडे गोरे साहेब सपत्नीक शाळा पाहायला आले. मडमेला पितळी समई भेट द्यायचे ठरले होते. मार्तंडरावांनी अनुप्रास साधण्यासाठी भर सभेत ‘ब्रेझन लेडीला ब्रेझन लॅम्प’ अर्पण केला. ब्रेझनचा दुसरा अर्थ ‘निर्लज्ज’ असा होतो, हे सभेत एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो त्या बाईंचा नवरा होता. मार्तंडरावांची शाळेतून उचलबांगडी झाली. पण असा माणूस मोकळा सोडणे धोक्याचे, म्हणून त्यांना बढती देऊन कंट्रोलमध्ये घेण्यात आले.

मच्छिंद्रची हकीकत ऐकून मार्तंडरावांचा चेहरा खुलला. तांदूळ, रॉकेल आणि काडेपेट्यांच्या रखरखाटात किती दिवसांनी त्यांच्या आवडीचे काही आले होते.

“अर्जात पहिलं वाक्य म्हणजे वस्तू कशाची आहे ते,” ते म्हणाले. “मीच लिहून देतो. द मोट इज मेड ऑफ लेदर.”

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खोकले. ते शरच्चंद्र होते. पुण्याहून बी.ए. होऊन नुकतेच कचेरीत लागलेले कारकून.

“मेड फ्रॉम, मार्तंडराव.”

शिपायाने पंख्याची दोरी ओढायची थांबवली.

“काय म्हणालात?”

“नियम सरळ आहे,” शरच्चंद्र उठून उभे राहत म्हणाले. “मूळ पदार्थ वस्तूत दिसत असेल तर ऑफ. दिसेनासा झाला असेल तर फ्रॉम. टेबलात लाकूड दिसतं, म्हणून टेबल मेड ऑफ वुड. गुळात ऊस दिसतो का? नाही. म्हणून फ्रॉम.”

“अहो, मग मोटेत चामडं दिसतंय की धडधडीत!”

“चामडं दिसतं. पण चामडं हा मूळ पदार्थच नव्हे. मूळ पदार्थ बैल. मोटेत बैल दिसतो का, एवढंच सांगा.”

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. एवढा नाजूक प्रश्न सरकारी माणसाने परस्पर सोडवणे योग्य नव्हते. मोटेच्या मालकालाच विचारावे असे ठरले.

“काय हो डोखे, या मोटेत तुम्हाला बैल दिसतो का? नीट विचार करून सांगा.”

मच्छिंद्रने विचार केला नाही. मोट खांद्यावरून उतरवून त्याने टेबलावर पसरली.

“दिसतो की सायेब. सर्जा हाय हा. लई गुनी बैल हुता. ही मानंकडची बाजू. हितं जूवाचा घट्टा पडला हुता त्याला, हात लावून बघा. मेला तवा दुसऱ्या कुनाला चामडं दिलं न्हाई आमी. म्हनलं, आपल्याच हिरीवर ऱ्हाऊ दे.”

शरच्चंद्रांनी नोंद केली: अर्जदारास बैल दिसतो.

आता दोघांचेही एकमत झाले. बैल दिसत असल्यामुळे ऑफ, हा मार्तंडरावांचा विजय. आणि मूळ पदार्थ बैल, हा शरच्चंद्रांचा. अर्जावर सुवाच्य अक्षरांत वाक्य लिहिले गेले: मोट इज मेड ऑफ बैल. व्याकरणदृष्ट्या त्यात काना-मात्रेचीही चूक निघण्यासारखी नव्हती. अडचण एवढीच होती की कंट्रोलचा अंमल चामड्यावर होता, बैलावर नव्हता. बैल हे जनावरांच्या खात्याचे काम. आप्पासाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडून अर्ज तिकडे पाठवला.

मच्छिंद्रने घरी येऊन सगळे सांगितले तेव्हा छबूबाई बागेतून नुकतीच आली होती. तिच्या डोक्यावरची चुंबळ अजून ओली होती.

“बैल दिसतो म्हनायला तुमाला कोनी सांगितलं हुतं?”

“दिसतो तर काय म्हनू?”

तिने चुंबळ खुंटीला अडकवली. तिलाही दिसत होता.

जनावरांच्या खात्याचे डॉक्टर पुढल्याच आठवड्यात जातीने पुणतांब्याला आले. दोन वर्षांपूर्वी सर्जाला ताप भरला होता, तेव्हा मच्छिंद्रने याच डॉक्टरांना तीनदा बोलावणे धाडले होते आणि त्यांना सवड झाली नव्हती. पण तेव्हा गोष्ट तोंडी होती. आता कागद आला होता. डॉक्टरांनी मोट कडुनिंबाखाली अंथरायला लावली, कानांना नळी लावली आणि घट्ट्याच्या जागेवर बराच वेळ टेकवून ठेवली. मच्छिंद्र पागोटे काढून उभा होता. गावातली चार माणसे जमली होती. त्यांनीही पागोटी काढली.

“नाडी लागत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“न्हाई लागायची,” मच्छिंद्र हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी अहवाल दिला: जनावर मृत आहे, मृत्यूचे कारण, फाटणे. अहवाल निर्दोष होता, आणि म्हणूनच त्याच्या पुढे जे घडले ते कोणालाच टाळता येण्यासारखे नव्हते. एखादे मेलेले जनावर दोन वर्षे रोज विहिरीत सोडले जात होते आणि त्या विहिरीवर माणसे पाणी पीत होती, ही बाब आरोग्यखात्याच्या नजरेस आणणे डॉक्टरांचे कर्तव्यच होते. आरोग्यखात्याचे कर्तव्य विहीर बंद करण्याचे होते. दोन शिपाई आले, त्यांनी विहिरीभोवती सुतळी फिरवली, गाठीवर लाल लाखेचे सील मारले आणि जाताना छबूबाईकडे प्यायला पाणी मागितले.

तिने दिले. गावच्या आडावरचे होते.

आता घागरीनेही बागेला पाणी घालता येईना. वैशाख सुरू झाला. पाने आतल्या बाजूला वळू लागली. एका सकाळी झाडांखाली हिरवी फळे पडलेली दिसली, तेव्हा छबूबाईने ती पदरात गोळा केली, पदर तसाच कमरेला खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, “आज मी जाते. तुमाला लई दिसतं.”

ती कंट्रोलमध्ये पोचली तेव्हा दुपार टळटळीत होती. आप्पासाहेबांनी तिचे म्हणणे मधे न बोलता ऐकून घेतले. पदरातली फळेही पाहिली.

“बाई, तुमची हकीकत फार वाईट आहे,” ते मनापासून म्हणाले. “पण यात चूक कोणाची म्हणाल, तर कोणाचीच नाही. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं आहे.”

एवढे बोलून त्यांच्या घशाला कोरड पडली. त्याच वेळी पखालवाला पाठीवर भरलेली पखाल घेऊन आत आला आणि कोपऱ्यातल्या रांजणात पाणी ओतू लागला. शिपायाने पेला भरून आप्पासाहेबांपुढे ठेवला. छबूबाईने पखालीकडे पाहिले, मग पेल्याकडे.

“सायेब, ती कशाची वो?”

“कोण? पखाल? चामड्याची.” आप्पासाहेब पेला तोंडाला लावणार तोच त्यांचा हात थबकला. त्यांनी मार्तंडरावांकडे पाहिले. मार्तंडरावांनी शरच्चंद्रांकडे. शरच्चंद्र सावकाश उठले, कारण सत्यासाठी उठणे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

“काय रे,” त्यांनी पखालवाल्याला विचारले, “या पखालीत तुला बैल दिसतो का?”

पखालवाला उन्हातून ओझे वाहून आला होता.

“दुपारच्याला दिसतो कवा कवा,” तो म्हणाला. शरच्चंद्रांनी नोंद केली.

पेला खाली ठेवण्यात आला. रांजणावर झाकण घालण्यात आले. तालुक्याच्या सरकारी कचेरीला इतके दिवस एका मेलेल्या जनावरातून पाणी पाजले जात होते, ही गोष्ट एकदा कागदावर आल्यावर ते पाणी पिणे म्हणजे आपल्याच सरकारच्या अहवालाचा अवमान होता. शिपायाने घागर भरून आणावी असे कोणीतरी सुचवले. पण मंजूर साधन पखाल हे होते. पखालीच्या जागी घागर हा साधनात बदल, आणि त्याला नगरहून मंजुरी लागली असती.

त्या दुपारी कंट्रोलमध्ये काम झाले नाही, याची नोंद घेण्याइतकेही काम झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कारकून कोरड्या ओठांनी बसले होते. मार्तंडरावांना ‘वेट’ आणि ‘ड्राय’ यांखेरीज कुठलेही विशेषण आठवेना. छबूबाई तिथेच गावात बहिणीच्या घरी मुक्कामाला राहिली होती. ती पुन्हा येऊन ओसरीवर बसली. शेवटी, दुपारच्या जेवणाची वेळ झाल्यावर, आप्पासाहेबांनी आपल्या नोकरीतला पहिला निर्णय घेतला. तो त्यांनी उभ्याने सांगितला.

“सरकारी कामी वापरात असलेल्या वस्तूत मूळ जनावर दिसत नाही, असे समजण्यात यावे. सबब सरकारी पखाल ही मेड फ्रॉम. खासगी वस्तूंना हा निर्णय लागू नाही.”

मार्तंडराव आणि शरच्चंद्र यांनी एकदमच मान डोलावली. मग सगळे रांजणाकडे धावले. बराच वेळ कचेरीत फक्त घोट घेतल्याचे आवाज येत होते. मार्तंडरावांनी दुसरा पेला भरून ओसरीवर छबूबाईकडेही पाठवला, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

तिने पेला बाजूला ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली.

“म्हंजे तुमच्या पखालीत बैल न्हाई, आन आमच्या मोटंत हाय?”

“व्याकरण तसं सांगतं, बाई,” मार्तंडराव ओठ पुसत म्हणाले.

“त्या व्याकरनाला कवा तहान लागती का वो?”

आप्पासाहेबांना प्रश्न बिनतोड वाटला. त्यांनी तो इंग्रजीत लिहून आणायला सांगितले.

छबूबाई चालत घरी आली. चुलीपाशी खोचलेला विळा घेतला, विहिरीवर गेली आणि सुतळी कापली. लाखेचे सील टपकन दगडावर पडून फुटले. मच्छिंद्र धावत आला.

“अगं, काय केलंस? धरून नेतील!”

“नेऊ द्या. दावं सोडा बैलांचं, त्यास्नी पानी पाजा पयलं. आन घागर आना.”

त्याने बैलांचे दावे सोडले. मग त्याने घागर आणली. शेजारच्या रतनबाईने लांबून पाहिले, ती आपला हंडा घेऊन आली. तिच्यामागून तिच्या जावा आल्या. बन्सी आला तो एक जुने पिंप घेऊन. मातीची, तांब्याची, पत्र्याची, हाताला लागेल ती भांडी घेऊन माणसे विहिरीच्या पायऱ्यांवर ओळीने उभी राहिली आणि पाणी वर चढू लागले. मृगाचा पाऊस येईपर्यंत रोज हेच चालले. विहिरीजवळची झाडे तगली. बांधाकडची ओळ मात्र वाळली. ती ओळ छबूबाईने सगळ्यात आधी, नवी नवरी असताना लावली होती. पाणी तिथवर पोचेपर्यंत घागरी रिकाम्या होत.

सरकारी सील तोडल्याचा गुन्हा अर्थातच दाखल झाला. मच्छिंद्रने घोंगडी-भाकरी बांधून तयारी ठेवली होती. पण खटला उभा करायचा तर पंचनामा हवा, आणि पंचनाम्यात फुटलेली वस्तू कशाची होती हे यायला हवे. सील लाखेचे. लाख किड्यापासून होते. सिलात किडा दिसतो का? मार्तंडरावांनी पुण्याच्या एका किड्यांच्या जाणकाराला विचारणा केली. त्याने कळवले की भिंगातून क्वचित पंखाचा तुकडा दिसतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने सरकार भिंगातून पाहते की नुसत्या डोळ्यांनी, असा प्रश्न उपस्थित झाला. तो नगरला गेला, नगरहून मुंबईला गेला. युद्ध संपले. गोरे साहेब देश सोडून गेले. प्रश्न गेला नाही, आणि छबूबाईला धरायला कोणी आले नाही.

स्वराज्य आल्यावर चामडे मोकळे झाले. पण कचेरी होती आणि माणसे होती, म्हणून कसला ना कसला अर्ज लागतच राहिला. मार्तंडराव पेन्शनीत गेले. शरच्चंद्र हेडक्लार्क झाले आणि आता सगळा कारभार मराठीत होणार, असे त्यांनी अभिमानाने जाहीर केले. पहिलाच अर्जदार उत्साहाने म्हणाला, “मोट चामड्याची हाय, सायेब.” शरच्चंद्रांनी टाक उचलला आणि विचारले, “चामड्याची, की चामड्यापासूनची?”

पुढे एकदा पुण्याचे एक गृहस्थ पुणतांब्याला पाहुणे आले होते. शिकलेले, मायाळू, गरिबांविषयी कळवळा असलेले. छबूबाईने त्यांना बागेत बसवून मोसंबी सोलून दिली आणि ही सगळी हकीकत सांगितली. बांधाकडची वाळकी खोडेही दाखवली. ती तिने अजून उपटून काढली नव्हती. गृहस्थ मधे मधे हसले, शेवटी गंभीर झाले. फोड तोंडात टाकून बराच वेळ त्या खोडांकडे पाहत राहिले.

“फार वाईट झालं,” ते म्हणाले. मग जरा पुढे झुकून त्यांनी विचारले, “पण मला सांगा बाई, शेवटी ठरलं काय? ऑफ की फ्रॉम?”

छबूबाईने उरलेली मोसंबी त्यांच्या हातात दिली आणि ती गुरांना वैरण टाकायला उठून गेली.

त्या गृहस्थांना हसू नये. बांधाकडच्या ओळीत झाडे किती होती, हे त्यांनी विचारले नाही. वाचकहो, तुम्हीही विचारले नाहीत. ऑफ-फ्रॉमचा निकाल मात्र तुम्ही केव्हाच मनातल्या मनात लावून मोकळे झाला आहात.